सैल सोड म्हटल्याने कुणी सैल सुटत नाही

"अगं खांदे सोड, खांदे! सैल हो!" ज्युदोच्या कुठल्याही क्लासला संध्याकाळी जाऊन बसा, हे वाक्य सतत कानावर पडेल, आणि गंमत म्हणजे जिला ते सांगितलंय ती ते ऐकून अजूनच ताठते, कारण आता तिला समोरच्या मुलीचाही विचार करायचाय आणि स्वतःच्या खांद्यांचाही. मी शिकवते तेव्हा हे वाक्य आता जवळजवळ वापरतच नाही. सांगून होणारी गोष्ट नाहीये ती.

मग कशाने होते? यावरून मार्शल आर्टवाल्यांमध्ये फार जुना वाद आहे. एक गट म्हणतो त्यासाठी वेगळी साधना लागते. चिनी ताई ची वाले हात छातीसमोर गोल धरून बराच वेळ नुसते उभे राहतात, त्याला झान झुआंग म्हणतात, मग सगळा क्रम संथ करायचा, मग दोघांनी मनगटाला मनगट लावून तुइशौ करायचं, श्वासावर काम करायचं. दुसरा गट म्हणतो हे सगळं राहू द्या, मॅटवर या आणि लढा, पुरेसा मार खाल्लात की अंग आपोआप सुटेल. मी ज्युदोवाली आहे आणि आमच्या घरात हे दोन्ही पहिल्यापासून शेजारी शेजारी नांदतात, ठरवून दिलेल्या क्रमाचा काता आणि मोकळ्या लढतीची रांदोरी. त्यामुळे हा वाद मला लांबून बघता येत नाही, रोज क्लासचा दीड तास कशावर घालवायचा हे मला त्यावरूनच ठरवायचं असतं.

आधी ताठरपणा म्हणजे नक्की काय होतं ते सांगते, कारण बरेच लोक त्याला मनाचा प्रॉब्लेम समजतात. गीची, म्हणजे ज्युदोच्या जाड कोटाची, बाही धरायची तर करंगळी आणि अनामिका घट्ट, मधलं बोट त्यांच्या मदतीला, तर्जनी आणि अंगठा नुसते टेकलेले. नवीन मुलगी पाचही बोटं आवळते, बोटांचे सांधे पांढरे पडतात, श्वास छातीत अडकतो, आणि दोन मिनिटांत कोपरापासून मनगटापर्यंतचा हात असा काही भरून येतो की राउंड संपल्यावर तिला पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवता येत नाही. सतत आवळून ठेवलेल्या स्नायूत रक्त नीट खेळत नाही, म्हणून हे होतं. शिवाय कोपर वाकवणारा स्नायू आणि कोपर सरळ करणारा स्नायू दोघंही एकाच वेळी ओढत असतात, म्हणजे ती निम्मी ताकद स्वतःविरुद्धच खर्च करतेय. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिला समोरचीची ओढ कळतच नाही, उलट तिच्या ताठ हातातून तिचं सगळं वजन कुठे आहे ते समोरचीला आयतं कळतं.

आणि सैल म्हणजे लुळं नव्हे, हे पण इथेच सांगून टाकते. कॅनडात वॉटर्लू विद्यापीठात पाठीच्या कण्यावर वर्षानुवर्षं संशोधन केलेले स्टुअर्ट मॅकगिल म्हणून आहेत, त्यांच्या टीमने मुरलेल्या एमएमए (ठोसे, लाथा, पकड सगळं चालणाऱ्या लढतीच्या) फायटर्सच्या स्नायूंवर इलेक्ट्रोड लावून ठोसे आणि लाथा मोजल्या, 2010 मध्ये ते छापून आलं. त्यात दिसलं की ठोसा सुटताना स्नायू एकदा आवळतो, मग मध्ये सैल पडतो म्हणून हाताला वेग येतो, आणि लागायच्या क्षणाला पुन्हा आवळतो. म्हणजे चांगला फायटर सतत सैल नसतो, तो पटकन आवळतो आणि पटकन सोडतो. ही सोडायची घाई ज्याला जमली तो आपल्याला सैल दिसतो. आता हा जो टायमिंगचा भाग आहे ना, तो समोर कुणी नसताना शिकता येईल का, असा खरा प्रश्न आहे.

साधनावाल्यांची बाजू मी हलकी समजत नाही. पण 1954 च्या जानेवारीत मकाऊमध्ये एक लढत झाली होती, तिचं फुटेज आजही बघायला मिळतं. वू घराण्याच्या ताई चीचे वू गोंगयी, वय पन्नाशी ओलांडलेलं, आणि समोर व्हाइट क्रेन शैलीचे तरुण चान हाक-फू. हाँगकाँगच्या आगीत घरं गेलेल्यांसाठी मदत गोळा करायला ठेवलेला कार्यक्रम होता, प्रचंड गर्दी. वू गोंगयींचं अख्खं आयुष्य सैल कसं राहायचं याच विद्येत गेलेलं, वडिलांकडून आणि आजोबांकडून आलेली विद्या. आणि फुटेजमध्ये काय दिसतं? दोघांच्या हनुवट्या वर, हात लांबून भिरकावलेले, पाय अडखळतायत, सगळं घाईघाईत. दुसऱ्या राउंडमध्ये लढत थांबवली आणि कुणीच जिंकलं नाही असं जाहीर केलं. लोक ते बघून हसतात, मला नाही हसू येत. त्या वयात, तेवढ्या लोकांपुढे रिंगमध्ये उतरायला धैर्य लागतं. पण एवढं मात्र त्यातून दिसतं की कुणी नाक फोडायला येत नसताना कमावलेला सैलपणा, कुणी नाक फोडायला आलं की जागेवर सापडेलच असं नाही. शरीराने तो ज्या परिस्थितीत साठवलेला असतो त्याच परिस्थितीत ते तो परत काढून देतं.

ज्युदोत तर बायकांवर हा प्रयोग जवळपास पिढ्यानपिढ्या झालाय, आणि हे मला मुद्दाम लिहायचंय. ज्युदोचे जनक जिगोरो कानोंनी 1882 मध्ये टोक्योच्या एइशोजी देवळात कोदोकान ही आपली शाळा सुरू केली, बारा तातामींची (जपानी चटयांची) जागा आणि नऊ विद्यार्थी. त्यांनी जुन्या जुजुत्सू शाळांतलं शिक्षण घेऊन एक मोठी गोष्ट केली, रोजच्या सरावाचा मुख्य भाग रांदोरीला दिला. जिवावर बेततील असे वार आणि डाव रांदोरीतून काढून कातामध्ये ठेवले, म्हणजे उरलेले डाव दोघांनी पूर्ण विरोध करत, रोज, हातपाय न मोडता करता येतील. पण बायकांसाठी 1926 मध्ये वेगळा विभाग उघडला तेव्हा त्यांचा भर ठेवला कातावर, रांदोरी हलकी आणि आपापसात, आणि स्पर्धा तर नाहीच. बायकांचा आवडता म्हणून पुढे नाव झालं ते जू-नो-काताचं. पंधरा डाव, सगळे संथ, कुणालाही खरं आपटायचं नाही, साध्या कपड्यांत सुद्धा करता येतो. सैलपणा शिकवायची खास ड्रिल म्हणून यापेक्षा सुंदर गोष्ट मी पाहिलेली नाही.

केइको फुकुदा हे नाव इथे घ्यायलाच पाहिजे. कानोंच्या पहिल्या गुरूंची, हाचिनोसुके फुकुदांची ही नात, 1935 मध्ये कोदोकानात आली आणि आयुष्यभर जू-नो-काता शिकवत राहिली, 2013 मध्ये नव्याण्णवाव्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत गेली. म्हातारपणी तिने केलेल्या काताचे व्हिडिओ आहेत, बघाच. तिच्या अंगात कुठेही एक गाठ दिसत नाही. म्हणून मी कधीच म्हणणार नाही की ड्रिलने काही होत नाही. पण तिच्यासारख्या बायकांना त्या ड्रिलच्या पलीकडे जायचा रस्ताच बंद ठेवला होता, आणि तो बंद ठेवताना बायकांच्या शरीराला हेच शोभतं असं म्हटलं गेलं, याचा मला राग आहे. 1959 मध्ये न्यूयॉर्कच्या रस्टी कानोकोगीने पुरुष असल्याचं भासवून स्पर्धेत मेडल मिळवलं तर ते तिला परत करायला लावलं. तीच पुढे कोदोकानात जाऊन पुरुषांबरोबर रांदोरी करणारी पहिली बाई ठरली, आणि 1980 ची बायकांची पहिली जागतिक स्पर्धा न्यूयॉर्कमध्ये तिनेच उभी केली. ऑलिंपिकमध्ये बायकांच्या ज्युदोला मेडल मिळायला लागलं ते 1992 ला. आणि आज बायकांच्या फायनल बघा, 48 किलोच्या मुली कशा फिरतात, कुठल्या हातात कधी ताकद येते आणि कधी जाते ते डोळ्याला पकडता येत नाही. हा सैलपणा त्यांना लढायला मिळालं म्हणून आलाय.

इथपर्यंत वाचून दुसरा गट खूश होईल, की बघा, शेवटी लढाच. पण तिकडेही मला अडचण आहे, आणि ती जास्त मोठी आहे.

अडचण अशी की ताठ हात कामाला येतो. हे कुणी मोकळेपणाने सांगत नाही. कोपरं लॉक करा, कंबर मागे टाका, वाकून उभ्या राहा, आमच्यात त्याला जिगोताई म्हणतात, आणि समोरची तुमच्यापेक्षा बरीच चांगली असली तरी काही मिनिटं तुम्हाला टाकता येणं अवघड जातं. म्हणजे नवीन मुलीला लढायला सोडलं आणि हरण्याची किंमत मोठी ठेवली, सर ओरडतात, आईबाबा मोबाईलवर शूट करतायत, हरलीस तर टीममधून नाव कट, तर तिचं शरीर अगदी शहाणपणाने ताठरपणाच शिकेल, कारण त्या क्षणाला तोच तिला वाचवतोय. असे क्लब मी पाहिलेत जिथे रोजची रांदोरी म्हणजे जिल्ह्याची फायनल असते. तिथली पोरं चिवट असतात, दमदार असतात, पण वर्षानुवर्षं लढूनसुद्धा त्यांचे हात ताठच राहतात, आणि पुढे वयोगट बदलला, समोर तेवढ्याच ताकदीचं कुणी आलं की त्यांच्याकडे डावच नसतो. लढून लढून सैल होतो हे खरं असतं तर ही पोरं सगळ्यात सैल असायला हवी होती.

हेच मी लहानपणी मातीत पण बघितलंय, फक्त तेव्हा कळलं नव्हतं. आमचं गाव कराडकडचं, खाशाबा जाधवांचं गोळेश्वर तिथून जवळच, त्यामुळे घरात कुस्तीचं बोलणं कायम. आबा, म्हणजे माझे आजोबा, तरुणपणी तालमीत होते. त्यांच्याबरोबर जत्रेच्या मैदानाला गेलं की मोठ्या इनामाच्या कुस्तीला असं व्हायचं की सलामी झडली की दोघं नामांकित पैलवान कपाळाला कपाळ लावून नुसते खडाखडी करत राहायचे, मानेवर हात, मनगटाची ओढाओढ, कुणी पटात शिरायला तयार नाही, लोक ओरडून थकायचे आणि शेवटी कुस्ती बरोबरीत सोडवायचे. आणि त्यातलाच एखादा पैलवान तालमीत पहाटे आपल्या जोडीदाराशी लढताना बघावा तर वेगळाच माणूस! घिस्सा बसला तर बसला, उठून परत भिडायचं, ढाक फसली तर हसायचं, परत मारायची. शरीर तेच, डाव तेच, पण मैदानात हरला तर इनाम जातं, नाव जातं, आणि तालमीत हरला तर अंगाला माती लागते एवढंच.

आणि ती माती तरी कशी, तर रोज फावड्याने उकरून भुसभुशीत केलेली, ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून मळलेली. पडणाऱ्याला लागू नये याची एवढी काळजी ज्या लोकांनी घेतली त्यांना सैलपणाचं वेगळं ड्रिल कधी लागलं नाही, असं मला वाटतं. वस्ताद पण 'सैल हो' म्हणत नसत. आबा मला खडाखडी शिकवायचे तेव्हा त्यांचा तो जाड, उबदार पंजा मानेवर असा ठेवलेला असायचा की वजन जाणवतच नसे, आणि मी जरा मान वळवली की तोच पंजा एकदम जड व्हायचा आणि माझं कपाळ खाली. "पोरी, जोर लावायचा तो येळ आली म्हंजी. तवर हात नुसता ठिवायचा," एवढंच म्हणायचे. इलेक्ट्रोड लावून मॅकगिलनी जे मोजलं त्याच्या फार लांबचं नाहीये हे.

खाशाबांचंच बघा. मॅटवर पहिल्यांदा खऱ्या अर्थाने उतरले ते 1948 च्या लंडनला, सहावे आले. 1952 ला हेलसिंकीत 57 किलो वजनी गटात ब्राँझ मिळवलं, आणि त्या गटात सोनं नेलं जपानच्या शोहाची इशीने, जो मुळात ज्युदोतून आलेला होता, युद्धानंतर जपानमध्ये ज्युदोवर बंदी आली म्हणून तो कुस्तीकडे वळला. कराडच्या मातीतला गडी आणि तातामीवरचा गडी एकमेकांशी लढले, मला हे कायम फार भारी वाटतं, कारण दोघांचं मूळ अन्न एकच होतं: रोज, भरपूर, वेगवेगळ्या वजनाच्या माणसांशी, सगळी ताकद लावायची परवानगी असलेली पण हरल्याचा हिशोब न ठेवणारी लढत.

एसटीत कंडक्टर बघितलाय ना? घाटात गाडी वळतेय, एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्या हातात सुटे पैसे, दांडी धरलेली नाही, आणि तो पडत नाही. दांडी दोन्ही हातांनी आवळून धरलेला प्रवासी मात्र प्रत्येक वळणाला शेजाऱ्यावर जाऊन आदळतो. त्या कंडक्टरला कुणी घरी आरशासमोर सैल उभं राहायला शिकवलं नाही. आणि दरीच्या कठड्यावर उभं करूनही शिकवलं नाही. हलणाऱ्या गाडीत, पडला तर फार तर सीटवर पडेल अशा जागी, तो रोज उभा राहिला.

म्हणून माझं मत बनत गेलंय की ज्युदोतली सैलपणाची खरी ड्रिल म्हणजे उकेमी, पडायला शिकणं. कुणी तिला सैलपणाच्या खात्यात धरत नाही, वॉर्मअपमध्ये उरकून टाकतात, याचं मला वाईट वाटतं. पाठीवर गोल पडणं, हनुवटी छातीला, हात खाली आपटणं, आधी बसून, मग उभं राहून, मग चालत्या मुलीला हलकेच टाकून. हे नीट झालं की मुलीच्या अंगातली अर्धी ताठरता रांदोरीला उभं राहायच्या आतच गेलेली असते, कारण तिचं शरीर ताठत होतं ते पडायच्या भीतीने. भीती तिथून निघाली की पाठ सरळ होते, कंबर खाली येते, आणि ती आपोआप शिझेनताईत, म्हणजे साध्या सरळ उभं राहण्यात येते. कानोंचा भर या उभं राहण्यावर होता आणि मला वाटतं उकेमीशिवाय ते कुणालाच परवडणारं नाही.

थायलंडमध्ये मुय थाईच्या, म्हणजे तिथल्या ठोसे-लाथांच्या लढतीच्या, जिममध्ये स्पारिंग बघितलं तर नवख्याला वाटतं ही पोरं खेळतायत. हसत हसत लाथा मारतात, लागलं की टाळी देतात. खऱ्या लढती ते लहानपणापासून रिंगमध्ये सारख्या लढत असतात, त्यामुळे सरावात एकमेकांना फोडायचं त्यांना काही कारणच नसतं. क्लिंच मात्र लांबलचक करतात, मानेला मान लावून, दम निघेपर्यंत.

दमाचा मुद्दा राहिलाच. थकल्यावर माणूस सैल होतो, म्हणून आधी पोरांना थकवा आणि मग लढवा असं काही कोच मानतात. त्यात तथ्य आहे, चौथ्या-पाचव्या राउंडला हातात आवळायला काही शिल्लक नसतं आणि अचानक एखादीचा सुरेख पायडाव बसून जातो, ताकद न लावता, आणि तिचाच त्यावर विश्वास बसत नाही. पण लहान मुलांच्या बाबतीत मला ते पटत नाही, थकलेलं मूल वाईट पडतं आणि गुडघा, खांदा दुखावतो. मोठ्यांनी करावं.

आणि ज्युदोतले क्यूझो मिफुने. दहावा दान, म्हणजे ज्युदोतली सगळ्यात वरची पायरी, उंची जेमतेम पाच फूट तीन इंच, वजन साठ किलोच्याही खाली. म्हातारपणी धट्ट्याकट्ट्या तरुणांशी रांदोरी करतानाचं त्यांचं फुटेज आहे. तरुण जीव तोडून डाव टाकतोय आणि हे अलगद पायांवर उतरतायत. बरेच लोक त्यात काहीतरी गूढ शोधतात. मला त्यात एक असा माणूस दिसतो जो पोरवयापासून सत्तरीपर्यंत मॅटवर येत राहिला आणि ज्याला कुणाकडून पडायची लाज उरलेली नाही.

आमच्याकडे आता नवीन बॅचला सुरुवातीला उकेमी जास्त, पण पहिल्याच आठवड्यापासून थोडी थोडी रांदोरी असतेच, आधी गुडघ्यावर बसून, मग उभ्याने, दोन मिनिटांची. रांदोरीत कोण जिंकलं हे विचारायचं नाही असा नियम आहे, फळ्यावर काही लिहायचं नाही. मोठ्या मुलीने छोटीशी खेळताना स्वतः दोनदा तरी डाव बसू द्यायचा. ज्यांचे हात फारच ताठ आहेत त्यांना एक राउंड फक्त करंगळी-अनामिकेने बाही धरायला लावते, ही ड्रिलच झाली, आणि ती मी आनंदाने वापरते, कारण समोर ओढणारं कुणीतरी असतं. थोड्या मुरलेल्या मुलींना शनिवारी जू-नो-काता शिकवते, रांदोरीची सवय झाल्यावर तो त्यांना कळतो, त्याआधी त्यांना तो नुसता संथ नाच वाटतो. स्पर्धेला वर्षातून मोजक्या वेळा नेते. स्पर्धेत त्या परत थोड्या ताठतातच, सगळेच ताठतात, आणि परत आल्यावर सोमवारी ते उतरवायला एखादा आठवडा जातो. पालकांना ही गोष्ट पटायला वेळ लागतो, ते विचारतात मॅडम अजून किती दिवस नुसतं पडायला शिकवणार, आणि मी त्यांना म्हणते एक दिवस तुम्ही पण गी घालून या, मी तुम्हाला हलकेच टाकते. एका मुलीचे बाबा खरंच आले, आता बुधवारी मोठ्यांच्या बॅचला येतात.